जुन्या जिप्सीवर घरी ऑफरोड गाडी बांधताना कुठला पार्ट स्वतः करायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही

तुझा प्रश्न दोनदा वाचला. खानापूरकडच्या गावात तुझ्याकडे जुनी मारुती जिप्सी पडून आहे, बॉडी गंजून गेलीय पण चासी आणि हौसिंग (दोन चाकांमधलं ॲक्सलचं कवच) धड आहेत, बॉडी उतरवून ट्यूबचा पिंजरा (गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा) उभा करायचा, ३ इंच लिफ्ट द्यायची म्हणजे गाडी तेवढी उचलायची, पुढं विंच (रुतलेली गाडी दोरीनं ओढून काढायचं यंत्र) बसवायची, घरी २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल आहे. आणि तुझं विचारणं असं की यातलं घरी काय करू, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काय देऊ, आणि पाण्याच्या पाइपचा पिंजरा चालतो काय. वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

मी उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्याच कामात आहे, बरीच वर्षं झाली. जिप्स्या, जुन्या महिंद्रा जीपा, एकदोन पूर्ण ट्यूबच्या बग्ग्या हातून गेल्यात. आपल्याकडं बेळगावात लेथ, लेझर, व्हीएमसी, फाउंड्री, हीट ट्रीटमेंट, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत मिळतं, आणि त्यामुळंच एक खोड लागते की सगळंच बनवून घेऊया. कुणीतरी ओळखीचा टर्नर असतोच, चहा पीत पीत तो म्हणतो "हूं री, माडोण" (हो, करूया), आणि आपण पार्ट घेऊन घरी येतो. पार्ट बनतो का हा प्रश्नच नाही, बेळगावात काहीही बनतं. हा पार्ट चालू गाडीत तुटला तर पुढच्या दोन सेकंदात काय होणार, हे आधी विचार. तुटायच्या आधी वाकत असेल, आवाज करत असेल, गाडी जागेवर थांबत असेल, तर बिनधास्त बनव. तुटल्यावर स्टिअरिंग हातात मोकळं फिरणार असेल किंवा ब्रेकचा पेडल तळाला जाणार असेल, तर तो पार्ट विकतच घे, कंपनीचा घे, आणि त्यावर वेल्डिंगचा एक थेंबसुद्धा पडू देऊ नको. ड्रॅग लिंक, टाय रॉड, पिटमन आर्म, नकल हे स्टिअरिंगचे पार्ट आणि ब्रेकचे पाइप यांच्याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. ड्रॅग लिंक कापून मधे तुकडा घालून लांब केलेली गाडी माझ्याकडं आली की मी आधी ती लिंक बदलायला लावतो, मगच बाकीच्या कामाला हात घालतो.

आता लिफ्टचं. तू लिहिलंयस की लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे पानांच्या स्प्रिंगचं, एक टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) करून ३ इंच उचलूया, प्लेट कापली, चार भोकं मारली, झालं काम. हिशोब करून बघ. शॅकल जेवढा लांब करशील त्याच्या अर्धीच गाडी उचलली जाते, कारण पाट्याचं एक टोक पिनवर अडकलेलं आहे आणि एकच टोक खाली जातंय, हौसिंग मधे. म्हणजे ७५ मिमी लिफ्टला शॅकल १५० मिमी लांब पाहिजे. समज पाट्याचं एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत अंतर ९०० मिमी आहे, तर एक टोक १५० मिमी खाली गेल्यावर हौसिंग साडेनऊ अंशाच्या आसपास फिरलं. पुढच्या बाजूला जिप्सीचा शॅकल पुढं आहे, म्हणजे पुढचं टोक खाली आलं की किंगपिनचा (चाक ज्याच्यावर वळतं त्या खिळीचा) वरचा भाग पुढं झुकतो आणि कॅस्टर, म्हणजे त्या खिळीचा मागं झुकलेला कोन, तेवढाच कमी होतो. मुळात कॅस्टर असतो थोडासाच, त्यातून नऊ अंश गेले तर राहिलं काय? वळण घेतल्यावर स्टिअरिंग परत येणार नाही, ४० च्या स्पीडला गाडी रस्ता हुंगत फिरल्यासारखी चालेल. २५ मिमी लिफ्टपुरता ५० मिमी लांब शॅकल केलास तर तीन अंशाच्या आसपास फरक पडतो, तो हौसिंगच्या पॅडखाली पाचर घालून सुधारता येतो. पाचर लोखंडीच घे, ॲल्युमिनियमची चेचते आणि मग यू-बोल्ट ढिले पडतात. पण त्यातही एक गुंता आहे, हौसिंग पुढं फिरतं तेव्हा पिनियनचं (हौसिंगमधे शाफ्ट जोडला जातो त्या गिअरचं) तोंड ट्रान्स्फर केसकडं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याकडं) वर होतं, जे पुढच्या प्रोपेलर शाफ्टला बरंच असतं, आणि तू पाचर घालून कॅस्टर परत आणलास की पिनियन खाली जातो आणि क्रॉसचा (शाफ्टच्या सांध्याचा) कोन वाढतो. दोन्ही एकदम मिळत नाही. म्हणून मी सांगीन की ३ इंचाचा हट्ट सोड, दीड-दोन इंच कर, त्यातला मोठा भाग पाट्याच्या कमानीतून घे, शॅकलमधून कमी. कमान चढवताना गॅस लावून तापवू देऊ नको, पाट्याचं टेंपर जातं आणि सहा महिन्यात परत सपाट होतो किंवा तुटतो, थंडच प्रेसवर चढवून घे. पाटे हौसिंगच्या वर घ्यायचा उद्योग बरेचजण करतात, पाच इंचाच्या वर उचलते गाडी, पण मग स्टिअरिंगचं सगळं गणित नव्यानं मांडावं लागतं आणि ते पहिल्याच गाडीला नको.

शॅकल मात्र घरी करायचं उत्तम काम आहे, शिकायला याच्यासारखं काही नाही. ८ किंवा १० मिमीची प्लेट, आयएस २०६२ ची मागून घे, दुकानदाराला हीट नंबर (पोलादाच्या ओतीचा कारखान्याचा नंबर) विचारलास की तो तुला निदान भंगारातलं देणार नाही. चार पट्ट्या कापून एकावर एक क्लँप करून चारी एकदम ड्रिल कर, वेगवेगळ्या मारू नको. अर्ध्या मिलिमीटरचा फरक झाला तरी डावा आणि उजवा शॅकल वेगळा उभा राहतो, पाटा पिळतो आणि बुश एका बाजूनं खातो. दोन पट्ट्यांच्या मधे डिस्टन्स बुश घाल म्हणजे बोल्ट आवळल्यावर पट्ट्या आत वाकणार नाहीत. बोल्ट ८.८ ग्रेडचाच, आणि असा निवड की आटे नसलेला भाग प्लेटच्या भोकात बसेल. आट्यांवर कातरण आली की बोल्ट तिथंच तुटतो.

बुशच्या बाबतीत दोन चुका सगळे करतात. पहिली, नळीत लोखंडी स्लीव्ह रबराएवढ्याच लांबीची ठेवतात. ती अर्धा ते एक मिलिमीटर जास्त पाहिजे, म्हणजे बोल्ट स्लीव्हला आवळतो आणि रबर मोकळं फिरतं. दुसरी, गाडी जॅकवर लटकलेली असताना बोल्ट पूर्ण आवळतात. बाँडेड रबर बुश असेल तर तो त्याच लटकलेल्या जागेला पकडला जातो आणि गाडी खाली सोडली की कायमचा पिळलेला राहतो, दोन महिन्यात फाटतो. गाडी चाकावर, स्वतःच्या वजनावर उभी करून मगच शेवटचा पाना मार. यू-बोल्ट नवेच घे, जुने ताणलेले असतात, आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर परत आवळ.

ब्रॅकेटवर जरा जास्त लिहितो, कारण तुटतं ते इथंच. माझ्याच हातचा एक तुटलाय. शॉकअपचा वरचा ब्रॅकेट होता, जुन्या जीपवर, ऐन मिरगाच्या पावसात घाईनं केलेला. जांबोटीच्या पलीकडं मित्राच्या शेतातल्या चढावर गाडी नेली आणि धाडकन आवाज आला, शॉकअप लोंबकळायला लागला. माणसाला काही झालं नाही, गाडी हळू होती. घरी आणून तुटलेली बाजू बघितली तर दोन भाग स्पष्ट दिसत होते, दोन तृतीयांश भाग काळपट आणि त्यात आपली तांबडी माती शिरून बसलेली, आणि उरलेला एक तृतीयांश ताजा, चकाकणारा. म्हणजे तडा त्या दिवशी गेलाच नव्हता, कितीतरी आठवडे आधीपासून हळूहळू सरकत होता, चिखल आत जात होता, आणि मी रोज गाडी धूत होतो पण मला दिसला नाही कारण वर काळा रंग होता. तेव्हापासून मी कुठल्याही ब्रॅकेटला काळा रंग देत नाही. फिकट राखाडी किंवा पांढरा देतो, तडा गेला की गंजाची बारीक तांबूस रेघ लगेच उठून दिसते.

तो का तुटला ते पण सांगतो. चुका तीन होत्या. वेल्डिंगचे रॉड ओलसर होते. ब्रॅकेटचा पाया छोटा होता. आणि मी चासीच्या पट्टीवर आडवा, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रन (वेल्डिंगची रेघ) मारला होता. चासी वाकते ती लांबीत, आणि आडवा रन म्हणजे तू तिथं एक खाच पाडून दिलीस असंच समज, ताण तिथं गोळा होतो. म्हणून चासीवर ब्रॅकेट बसवताना आधी एक पॅच प्लेट घे, साधारण चासीच्या पत्र्याएवढ्याच जाडीची किंवा जराशी जाड, तिला लांबट शंकरपाळीचा आकार दे, कोपरे गोल कर, रन लांबीच्या दिशेनं मार आणि टोकाला पट्टीला आडवं जाऊ नको. मग त्या पॅचवर ब्रॅकेट. जिप्सीची चासी बॉक्सची आहे आणि पत्रा पातळ आहे, त्यावर ८ मिमीची प्लेट थेट चिकटवलीस तर प्लेटला काही होत नाही, पत्रा मात्र रनच्या कडेनं फाटतो. गसेटचंही (कोपऱ्याला आधार देणाऱ्या त्रिकोणी प्लेटचंही) तसंच, अगदी टोकापर्यंत टोकदार त्रिकोण ठेवू नको, टोक १० मिमी कापून टाक, आणि गसेट पत्र्याच्या मधोमध मोकळ्या जागी न संपवता बॉक्सच्या कडेजवळ संपव, तिथं चासीला आधार असतो.

वेल्डिंगबद्दल. तुझं मशीन चालेल, पण गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा मशीनच्या डायलवर १२० दिसतं आणि खरं तेवढं मिळत नाही, रन वर बसतो आणि आत शिरत नाही. जबाबदारीचं काम सकाळी कर. ६०१३ रॉड सगळ्यांच्या हाताला बसलेला असतो, बंपर, फूटरेस्ट, डब्याचे कॅरियर यांना तो पुरे. सस्पेन्शन आणि पिंजऱ्याला ७०१८ वापर, होल्डर प्लसला लाव, आर्क अगदी जवळ ठेव. पण हा रॉड ओलावा पितो आणि मग रनमधे हायड्रोजन जातो, आणि तडा पुढं कधीतरी पडतो, लगेच नाही. आपल्या भागात कणकुंबी, आमगाव, जांबोटीकडं पावसाळ्यात भिंतीसुद्धा पाझरतात तर रॉडचं काय बोलायचं. पाकीट फोडल्यापासून ४ तासाच्या आत वापर, उरले तर साध्या कामाला काढ. ते परत भाजायला ३०० अंशाच्या आसपास तापमान लागतं, घरच्या ओव्हनमधे ते होत नाही, आणि स्वयंपाकाच्या ओव्हनमधे रॉड घालूच नको. जमलं तर पिंजऱ्याचं वेल्डिंग सीओटू मशीनवर एखाद्या चांगल्या वेल्डरकडून करून घे, तू टॅक (छोटे तात्पुरते टाके) मारून ने. यात कमीपणा काही नाही. मी स्वतः इतकी वर्षं या धंद्यात असून उलटा, डोक्यावरचा रन माझ्याकडच्या वेल्डरलाच मारायला देतो, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

वेल्डिंग करताना बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढ, आल्टरनेटरचं कनेक्शन काढ, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेव, आणि अर्थिंगचा चिमटा रनच्या अगदी जवळ लाव. चिमटा चाकाला लावून हौसिंगवर वेल्डिंग केलंस तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात, मग पंधरा दिवसानी हबमधून आवाज यायला लागतो आणि कारण कुणाला कळत नाही. आणि जीआय पाइपवर वेल्डिंग करायची वेळ आलीच तर जस्त आधी ग्राइंडरनं साफ कर. तो पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, मी भोगलंय ते.

आता पिंजरा. पाण्याचा पाइप चालतो काय, तर माझं उत्तर नाही. लोक म्हणतात सी क्लास घे, जाड असतो. जाड असतोच, पण तो पाणी न्यायला बनवलेला आहे, वाकवताना आणि दणका बसताना शिवण कशी वागेल याची कुणी हमी घेतलेली नसते, दीड इंची पाइप प्लंबरच्या बेंडरवर वाकवलास की आतल्या बाजूला चेपतो आणि कधी कधी शिवणीत उकलतो. आणि वजन बघ. दीड इंची सी क्लास म्हणजे बाहेरून ४८.३ मिमी, जाडी ४ मिमी, मीटरला सुमारे ४.४ किलो. ४५ मिमी बाहेरची, २.५ मिमी जाडीची सीडीएस (थंड ओढलेली, बिनशिवणीची) ट्यूब मीटरला सुमारे २.६ किलो. तुझ्या पिंजऱ्याला समज २५ मीटर लागलं, तर ४०-४५ किलोचा फरक, आणि त्यातला बराचसा गाडीच्या वरच्या भागात. जी गाडी उलटल्यावर तुला वाचवायला पिंजरा करूलालास, तीच गाडी त्या वजनानं लवकर उलटणार. रॅलीच्या गाड्यांना एफआयएचे (मोटार स्पर्धांच्या जागतिक संघटनेचे) जे नियम आहेत त्यात मुख्य कमान ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ ची, थंड ओढलेल्या सीमलेस ट्यूबची, ताकद किमान ३५० मेगापास्कल, बाकीच्या नळ्या ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ च्या. वाकवणं थंडच, आणि बेंडची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी, म्हणजे ४५ ला १३५ मिमी. वाकलेल्या जागी नळी चेपून अंडाकृती झाली तर लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पटीपेक्षा कमी चालत नाही, कॅलिपर घालून माप, कमी भरलं तर तो तुकडा टाकून दे. तुला रॅली करायची नसली तरी हेच आकडे धर, कितीतरी अपघातांतून शिकून ते ठरलेत. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं बाहा स्पर्धेच्या बग्ग्या करतात, त्यांच्या वर्कशॉपमधे एकदा जाऊन ये, ती पोरं मनापासून दाखवतात, आणि ट्यूब कुठनं आणली ते पण सांगतात.

बेंडिंग घरी करू नको. ट्यूबच्या बाहेरच्या मापाची डाय असलेल्या रोटरी बेंडरवाल्याकडं दे, त्याला आधी विचार की डाय ४५ ची आहे की दीड इंची पाइपची, दोन्ही वेगळ्या. जोडाची तोंडं मात्र घरी कर. नळीला नळी मिळते तिथं माशाच्या तोंडासारखा काप लागतो, होल सॉनं मार किंवा कागदाचा साचा गुंडाळून ग्राइंडरनं काढ, पण फट १ मिमीच्या वर ठेवू नको. फट रॉडनं भरून काढली की रन दिसायला छान दिसतो आणि ताकद काहीच नसते. सगळं आधी टॅकवर उभं कर, आत बसून बघ, हेल्मेट घालून बघ, डोकं नळीला लागत नाही ना, दार नसलं तरी उतरता येतंय ना. तिरप्या नळ्या सोडू नको, नुसत्या चौकोनाला खांद्यानं ढकललं तरी तो तिरका होतो, त्रिकोण होत नाही. आणि नळ्या एकमेकींना मिळतात त्या एकाच ठिकाणी मिळू देत, एकीच्या पोटात दुसरी आणून सोडू नको. पायाला प्लेट ३ मिमीची तरी, क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटरच्या वर, आणि प्रत्येक पायाला किमान तीन एम८ बोल्ट ८.८ चे, हेही त्याच नियमांत आहे. मी आपल्या खड्ड्यांसाठी एम१० घालतो. पिंजरा झाला आणि सीटबेल्ट जुनाच कमरेचा ठेवला तर पिंजऱ्याचा उपयोग अर्धा, कारण माणूस आतल्या आतच नळीवर आपटतो. चार पॉइंटचा बेल्ट घे आणि डोक्याजवळच्या नळ्यांना कडक फोमचं पॅडिंग बांध.

पुढं विंच आणि ओढायचे हुक. इथं घरी केलेलं चालतं, हिशोब ठेवून. एम१२ चा ८.८ बोल्ट कातरून तुटायला अंदाजे ४ टनाचा जोर लागतो. तुझी गाडी रिकामी १ टनाच्या आसपास, पण तांबड्या चिखलात हौसिंगपर्यंत रुतली की ओढायला लागणारा जोर गाडीच्या वजनाच्याही वर जातो, आणि झटका दिला तर विचारूच नको. म्हणून एका हुकाला दोन बोल्ट तरी, मागून ६ मिमीची बॅकिंग प्लेट, आणि बोल्ट असे बसव की ओढ त्यांना कातरेल, उपसून काढणार नाही. बंपरच्या पातळ पत्र्याला वेल्ड केलेला हुक मी बघवत नाही, दोरी ताणलेली असताना तो सुटला तर गोळीसारखा येतो. विंच गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेची घे, आणि तिची प्लेट दोन्ही बाजूच्या चासीला बोल्टनं पकड, एकीला नव्हे.

लेझर कटिंगला देताना. आधी पुठ्ठ्याचा साचा कर, तो गाडीवर धरून बघ, पाना आत जातोय काय ते बघ, यात एक रविवार गेला तरी जाऊ दे. मग तो साचा कॉलेजमधल्या कुणाकडून तरी ड्रॉइंग करून घे. बोल्टची भोकं लेझरला १ मिमी लहान सांग आणि घरी ड्रिल मारून मापात आण, जाड प्लेटला लेझरचं भोक वरून आणि खालून थोडं वेगळं निघतं. बेंड असेल तर आतली त्रिज्या निदान प्लेटच्या जाडीएवढी, आणि बेंडची रेघ प्लेटच्या रोलिंगच्या दिशेला आडवी ठेवायला सांग, नाहीतर बाहेरच्या कडेला केसासारख्या चिरा पडतात.

तू विचारलंयस की हबचा स्पेसर आणि शॉकअपचा माउंट फाउंड्रीतून ओतून घेऊ काय, मामा फाउंड्रीत आहेत म्हणून. मामांचा मान राखून सांगतो, नको. एका-दोन नगाला पॅटर्न करणंच परवडत नाही, त्यात आकुंचनाची मोजदाद ठेवावी लागते, मीटरला १० मिमीच्या आसपास, मग मशीनिंगची वेगळी जागा. आणि आपल्याकडं रोज ओतलं जातं ते बहुतेक साधं ग्रे कास्टिंग, बीड. बीड दाबाला उत्तम, ओढीला आणि झटक्याला वाईट, वाकत नाही, थेट तुकडा पडतो. गाड्यांच्या हबला, हौसिंगला एसजी आयर्न वापरतात, ४००/१५ ग्रेड म्हणजे ताकद ४०० मेगापास्कल आणि तुटायच्या आधी १५ टक्के लांबतं, ते चांगलं मटेरियल आहे, पण त्याला टेस्ट बार, मायक्रो (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), सगळं बघावं लागतं. तुझ्या कामाला प्लेट आणि गोल बारमधून काढलेला पार्ट बरा. मामांकडून एकच मदत माग, तपासणीच्या डीपी टेस्टचे तीन डबे, क्लीनर, लाल पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर. रन साफ करून लाल मार, दहा मिनिटं थांब, पुसून पांढरा मार, तडा असेल तर लाल रेघ फुटते. पहिल्या पावसाळ्यानंतर प्रत्येक ब्रॅकेटवर हे कर.

लिफ्ट झाल्यावर दोन गोष्टी लगेच बघ. गाडी चासीवर उचलून चाकं पूर्ण लटकू दे आणि ब्रेकची रबरी नळी ताणते काय बघ, ताणत असेल तर लांब नळी घे, ब्रॅकेट वाकवून जुगाड करू नको. आणि प्रोपेलर शाफ्टचा स्लिप भाग (आत-बाहेर सरकणारा जोड) किती बाहेर आलाय बघ. शाफ्ट लांब करायचा झाला तर बॅलन्सिंग करणाऱ्याकडंच दे, दोन्ही टोकांचे योक (क्रॉस पकडणारे काटे) एका रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे पाहिजेत, नाहीतर थरथर गिअरबॉक्सपर्यंत जाते.

कायद्याचं कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाहीत, जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं, आणि कलम १८२ए प्रमाणं मालकाला एकेका बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढच्या लोखंडी बुल बारवर तर केंद्रानं डिसेंबर २०१७ मधेच बंदीचं पत्र काढलंय. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळं खानापुरातून निघून चंदगडच्या हद्दीत गेलास तरी तोच लागू. म्हणून ही गाडी शेतात आणि खासगी ट्रॅकवर चालवायची आहे असंच धरून बांध, दुसरीकडं न्यायची तर टेम्पोवर चढवून ने. भीमगडच्या बाजूला जंगलात नेऊ नको, ते अभयारण्य आहे.

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेव, आधी ब्रेक आणि स्टिअरिंगचे सगळे जॉइंट नवे, मग सीटबेल्टसकट पिंजरा, मग पाटे आणि शॅकल, आणि विंच सगळ्यात शेवटी. विंच नसली तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आहे.

आता उद्याच कर असं काम सांगतो. गाडी सपाट जागेवर उभी कर, टायरात हवा सारखी भर, चारी चाकांच्या मधापासून चासीच्या खालच्या कडेपर्यंत उंची माप, पुढच्या पाट्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर माप, शॅकलच्या दोन भोकांच्या मधलं अंतर माप, आणि पुढच्या पिनियनचा कोन मोबाइलच्या लेव्हलवर घे. चासीला हातोडीनं सगळीकडं हळू ठोकून बघ, जिथं आवाज बद्द येतो तिथं आतून गंजलीय, तिथं खडूनं खूण कर आणि फोटो काढ. हे आकडे आणि फोटो मला पाठव, शॅकल किती लांब करायचा आणि पाचर किती अंशाची लागेल ते मी काढून देतो, मग प्लेट आणायला ये.